थीमला हात न लावता बॉडी टॅगवर स्वतःचे क्लास कसे आणावेत

वर्डप्रेस (वेबसाइट चालवण्याची प्रणाली) प्रत्येक पानाच्या बॉडी टॅगवर, म्हणजे पानाचा दिसणारा मजकूर ज्यात असतो त्या एचटीएमएल टॅगवर, काही सीएसएस क्लास (सजावटीचे नियम लावण्यासाठीची नावं) आपणहून लावतं: मुखपृष्ठावर 'होम', लेखाच्या पानावर 'सिंगल', लॉगिन केलेलं असेल तर 'लॉग्ड-इन'. लेख कोणत्या कॅटेगरीतला आहे, हे मात्र तिथे येत नाही. त्यामुळे फक्त मुलाखतींच्या पानांना वेगळी पार्श्वभूमी द्यायची म्हटलं की अडतं. बरेच जण ही सोय थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या) फंक्शन्स फाइलमध्ये करतात. थीम अपडेट झाली की ते सगळं पुसलं जातं. छोटा प्लगइन, म्हणजे थीमपासून वेगळा राहणारा जोड-कोड, केला की ही धास्ती उरत नाही.

(कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांतच हवीत.)

१. आधी थीमची हेडर फाइल उघडून बॉडी टॅगमध्ये 'बॉडी_क्लास' फंक्शन आहे ना, ते बघा. ते नसेल तर पुढचं काहीच चालणार नाही.

२. प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये नवा फोल्डर करून त्यात एक पीएचपी फाइल ठेवा. वर कॉमेंटमध्ये 'प्लगइन नेम' आणि त्यापुढे नाव, एवढं पुरतं.

३. 'ॲड_फिल्टर'ने आपलं फंक्शन 'बॉडी_क्लास' याच नावाच्या फिल्टरला (वर्डप्रेसची माहिती वापरण्याआधी बदलू देणाऱ्या जागेला) जोडा. फंक्शनला क्लासांची यादी, म्हणजे ॲरे मिळतो. 'इज_सिंगल' खरं असेल तरच 'गेट_द_कॅटेगरी'ने कॅटेगरी घ्या आणि प्रत्येकीसाठी यादीत एक क्लास वाढवा. शेवटी यादी रिटर्न करायचीच, आणि ती 'इफ'च्या कंसाबाहेर. रिटर्न आत राहिलं तर लेख नीट दिसतात, पण पीएचपी ८ वर बाकीची पानं फेटल एरर देऊन थांबतात.

४. क्लासचं नाव ठरवताना मराठी साइटवाल्यांनी जरा थांबावं. इंग्रजी उदाहरणांत कॅटेगरीचा स्लग (पत्त्यात दिसणारं छोटं नाव) 'सॅनिटाइझ_एचटीएमएल_क्लास'मधून काढून वापरतात. स्लग देवनागरीत असेल तर तो टक्क्याच्या चिन्हांच्या रूपात साठवलेला असतो आणि हे फंक्शन तो पूर्ण गाळून टाकतं. हाती उरतं नुसतं 'विभाग-'. माझं मत सरळ आहे: स्लग सोडा, टर्म आयडी (कॅटेगरीचा क्रमांक) घ्या. 'विभाग-१२' असा क्लास कॅटेगरीचं नाव बदललं तरी टिकतो. कॅटेगरी संपादनासाठी उघडली की हा आकडा ॲड्रेस बारमध्ये 'टॅग_आयडी'पुढे दिसतो. आधीचं 'विभाग-' काढू नका, कारण सीएसएसमध्ये क्लासचं नाव थेट अंकाने सुरू करता येत नाही.

५. सीएसएसही प्लगइनच्याच फोल्डरमध्ये ठेवून 'डब्ल्यूपी_एनक्यू_स्टाइल'ने जोडा. कस्टमायझरमधलं ॲडिशनल सीएसएस त्या-त्या थीमपुरतंच असतं.

६. प्लगइन चालू करा, एखादी मुलाखत उघडा आणि ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये बॉडी टॅग तपासा. क्लास दिसला नाही, तर कोड खोदण्याआधी पेज कॅशे (तयार पानांच्या साठवलेल्या प्रती) रिकामा करा. वेळेनुसार किंवा वाचकानुसार बदलणारा क्लास मात्र पेज कॅशे असलेल्या साइटवर असा जोडू नका. एकासाठी तयार झालेलं पान दुसऱ्यालाही तसंच जाईल. तो क्लास ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने लावावा.