कोड चालतो, पण पुढच्याला वाचता येत नाही: या चुका टाळा

शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीची बिलं असोत, साखर कारखान्याचा वजनकाटा असो की गावच्या दूध संस्थेचं संकलन, कोल्हापुरात असा कोड एकदा बसला की वर्षानुवर्षं बदलत नाही. लिहिणारा मात्र लवकरच पुण्याची वाट धरतो. मागे राहतात कोडमधली 'टेम्प२', 'डेटा१' आणि 'फायनल_नवीन' अशी नावं, आणि ती उलगडत बसणारा नवा माणूस.

नावात एकक नसणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. दुधाच्या बिलात नुसतं 'क्वांटिटी' लिहिलेलं असतं. लिटर की किलो? दुधाची घनता साधारण १.०३, म्हणजे १०० लिटर दूध १०३ किलो भरतं. समजा एकाने आकडा लिटरमध्ये भरला आणि दुसऱ्याने त्याला किलोचा दर लावला. रोज १००० लिटर घेणाऱ्या संस्थेचा ३० किलोंचा हिशेब रोज उडतो, दहा दिवसांच्या बिलात ३०० किलोंचा. एरर येत नाही, कारण प्रोग्रामला दोन्ही नुसते आकडे. तीन टक्क्यांचा फरक टेस्टिंगमध्ये डोळ्यांनाही खुपत नाही.

१९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळयान याच प्रकाराने गेलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरचा, म्हणजे यानाच्या छोट्या इंजिनांचा, आवेग पाउंड-फोर्स-सेकंदांत देत होतं आणि पुढचा प्रोग्राम तो न्यूटन-सेकंद म्हणून वाचत होता. फरक ४.४५ पटींचा. यान मंगळाच्या फार जवळून गेलं आणि २३ सप्टेंबरला संपर्क तुटला तो कायमचा. मेट्रिक एककंच वापरायची, हे दोन प्रोग्राममधली देवाणघेवाण ठरवणाऱ्या इंटरफेसच्या दस्तऐवजात आधीपासून लिहिलेलं होतं. म्हणून कोड लिहिण्याच्या नियमांची पीडीएफ सगळ्यांना पाठवून काम झालं असं समजणाऱ्यांचा राग येतो.

'दूध_लिटर', 'दूध_किलो', 'दर_पैसे_प्रति_किलो' अशी नावं ठेवा. लांब वाटली तरी टाइप एडिटरच करून देतो. १.०३ प्रत्येक सूत्रात पेरू नका, एकाच कॉन्स्टंटमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या स्थिर किमतीत, ठेवा. रक्कम फ्लोट या अंदाजे साठवणाऱ्या दशांश प्रकारात तर नकोच: पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतात. पैशांचे पूर्णांक किंवा नेमके आकडे ठेवणारा डेसिमल प्रकार वापरा.

मराठी शब्द रोमन लिपीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. 'दूध' एकजण 'यू' घालून लिहितो, दुसरा दोन 'ओ' घालून. मग शोधताना निम्म्या जागा हाती लागत नाहीत. स्पेलिंगची एक यादी प्रोजेक्टमध्येच ठेवा.

एरर गिळणं

पायथॉनमध्ये 'एक्सेप्ट' आणि खाली 'पास', म्हणजे एरर पकडायची आणि काहीच करायचं नाही. घाईतल्या नवख्यांचा हा सगळ्यात लाडका शॉर्टकट, आणि त्याला माफी नसावी. मिल्क अ‍ॅनालायझरची केबल सैल झाली, रीडिंग आलं नाही, एरर गिळली गेली. व्हेरिएबलमध्ये आधीच्या सभासदाचं फॅट तसंच पडून होतं, ते पुढच्याच्या नावावर चढलं. म्हशीचं ७.२ गाईच्या दुधाला लागलं, तर भांडण संस्थेच्या दारात होतं, प्रोग्रामरच्या नाही. लूपच्या सुरुवातीला व्हेरिएबल रिकामा करा, नेमकी एरर नावानिशी पकडा, लॉगमध्ये सभासद क्रमांक आणि वेळ लिहा, आणि रीडिंग पुन्हा घेतल्याशिवाय नोंद पुढे जाऊ देऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

सी, जावासारख्या भाषांत एका ओळीच्या 'इफ'लाही (अटीलाही) कंस घाला. अ‍ॅपलच्या एसएसएल कोडमध्ये, म्हणजे सुरक्षित इंटरनेट जोडणीच्या कोडमध्ये, 'गोटू फेल' ही ओळ दोनदा पडल्याचं २०१४ मध्ये उघड झालं. कंस नसल्याने दुसरी ओळ नेहमीच चालायची आणि सहीची खरी तपासणी वगळली जायची.

'इफ'च्या आत 'इफ' तीन पातळ्यांपुढे गेला की फंक्शन फोडा. लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, नियमही साधारण असाच आहे.

कॉमेंटमध्ये कारण लिहा. 'आय एकने वाढवला' हे वाचणाऱ्याला दिसतंच, पण दर १६ तारखेपासून का बदलतो ते दिसत नाही.

कॉमेंट करून ठेवलेला जुना कोड सरळ पुसा, कोडचे जुने बदल जपणाऱ्या गिटमध्ये तो आहे.

टॅब की स्पेस यावर वाद घालू नका. पायथॉनसाठी पेप ८ ही शैलीची नियमावली चार स्पेस सांगते, कोडची मांडणी आपोआप करणारा फॉर्मॅटर लावा आणि विषय संपवा. फक्त ते फॉर्मॅटिंग वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या वेगळ्या नोंदीत, करा. दुरुस्तीसोबत मिसळलं, तर ४०० बदललेल्या ओळींत कामाची एक ओळ रिव्ह्यू करणाऱ्याला दिसत नाही, आणि 'गिट ब्लेम'मध्ये, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते पाहताना, नुसत्या फॉर्मॅटिंगचा कमिट वगळताही येत नाही.