गोव्यात फादर मृत्युपत्र न करता वारले तर वाटणी कशी करावी

आधी त्यांचे काय आणि चर्चचे काय, हे वेगळे काढा. कॅलीस (मिस्सेचा पेला), विधीचे झगे, नोंदवह्या, चर्चच्या खात्यातली रक्कम हे वारसांच्या यादीत घेऊ नका. मिस्सांची, म्हणजे लोकांनी पैसे देऊन सांगितलेल्या चर्चमधल्या प्रार्थनाविधींची, वहीही बघा: पैसे घेतले पण मिस्सा झाली नाही, तर ते पैसे मिस्सेच्या जबाबदारीसह धर्मप्रांताकडे (बिशपच्या कार्यालयाकडे) सोपवा. दारिद्र्याची शपथ घेतलेल्या, धार्मिक संघात राहणाऱ्या फादरांबाबत आधी संघप्रमुखांना विचारा; थेट बिशपच्या हाताखालचे धर्मप्रांताचे फादर स्वतःची मालमत्ता बाळगू शकतात.

वारसा ठरतो गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्याने. मुले नसल्याने आधी आईवडील, ते हयात नसतील तर भावंडे; वारलेल्या भावाबहिणीच्या जागी त्यांची मुले. त्यासाठी सब-रजिस्ट्रार कार्यालयातल्या विशेष नोटरीपुढे वारसा-घोषणेचा दस्त करा. मृत्यूदाखला आणि सर्व भावंडांचे जन्मदाखले लागतात. काम अडते ते इथेच: पोर्तुगीज काळातल्या दाखल्यात नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्याने. ते आधी जुळवा. विवाहित भावंडांच्या जोडीदारांची नावेही दस्तात घ्या, कारण पतीपत्नीची मालमत्ता समाईक असलेल्या विवाहात त्यांचाही हक्क येतो. हे नाव घ्यायचे राहून गेले की पुढे विक्री अडते.

एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी दावा, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीचा दावा, करा; तिथे यादी, मूल्यांकन आणि वारसांतच बोली होते. शेवटी एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) वारसांची नावे चढवा.

बँकेतला नॉमिनी (खात्यासाठी नेमलेली व्यक्ती) मालक नसतो, पैसे वारसांचेच. फादरचे शेवटचे आयकर विवरणपत्रही वारसाने भरायचे असते.