काळ्या मातीत क्रेनचा आउटरिगर खचणे: माझा अनुभव

लक्षण: माल उचलून बूम (क्रेनचा लांब हात) बाजूला वळवला की त्या बाजूचा आउटरिगर (क्रेन स्थिर ठेवायला बाहेर काढतात तो टेकू) हळूहळू खचायचा आणि लेव्हलचा बुडबुडा मधून सरकायचा. त्याखाली स्लीपरचा (जाड लाकडी फळ्यांचा) एकेरी थर टाकला, फळ्या सुट्या झाल्या. १२ मिमीची लोखंडी प्लेट टाकली, ती मधे दबून कोपरे वर आले. दरवेळी काम बंद, जीव मेटाकुटीला.

उपाय हिशोबातून निघाला. उत्पादकाच्या तक्त्यात त्या उचलीला एका आउटरिगरवर जास्तीत जास्त १८ टन येत होते. माती परीक्षणात जमिनीची सुरक्षित क्षमता चौरस मीटरला १० टन. म्हणजे आउटरिगरखाली किमान १.८ चौ.मी. टेकण हवे; मी १.५ × १.५ मीटर, म्हणजे २.२५ चौ.मी. धरले.

आधी वरची ओली माती काढली. मग मुरूम थराथराने दाबून सपाट केला. त्यावर १५० मिमी जाडीच्या साल लाकडाच्या स्लीपरचे दोन थर, वरचा खालच्याला आडवा, बोल्टने आवळून. वर २५ मिमीची प्लेट, आणि आउटरिगरचा पाय बरोबर मध्यावर. ही मॅट, म्हणजे स्लीपर-प्लेटची बैठक, जमिनीला सगळीकडे टेकलीच पाहिजे. खाली पोकळी राहिली तर हिशोब फुकट.

चारही आउटरिगर पूर्ण बाहेर काढले, रिकामा बूम प्रत्येकावरून फिरवला, पुन्हा लेव्हल केली. मग माल जमिनीपासून जेमतेम उचलून थांबलो. बुडबुडा हलला नाही.