मॅग्नेसाइट ओळखताना आणि गोळा करताना

पांढरा दगड दिसला, त्यावर थंड विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, फेस आला नाही, म्हणून "हे कार्बोनेट नव्हे" असं ठरवून टाकलं, तर मॅग्नेसाइट हमखास हातचं जातं. हे मॅग्नेशियमचं कार्बोनेट आहे, पण थंड आम्लात ते जवळपास ढिम्मच राहतं. खरी चाचणी अशी: चिमूटभर बारीक पूड परीक्षानळीत घ्या, त्यावर 10 टक्क्यांचं आम्ल घाला आणि नळी गरम पाण्यात धरा. मॅग्नेसाइट असेल तर बुडबुडे यायला लागतात. बाजारातलं तीव्र आम्ल वापरत असाल तर एक भाग आम्ल आणि तीन भाग पाणी पुरतं. आम्ल पाण्यात सोडायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

उलटी फसगतही होते. तुकड्यावर कॅल्साइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचा) पातळ थर असला तर थंड थेंबही जोरात फसफसतो. म्हणून चाचणी नेहमी ताज्या फोडलेल्या भागावर करा. डोलोमाइट (कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन्हींचं कार्बोनेट) थंड आम्लात अखंड तुकड्यावर मंद असतं, पूड केली की फसफसतं; तेव्हा तुकडा आणि पूड दोन्ही तपासा.

आम्लापेक्षा आमचा भरवसा वजनावर जास्त. शुद्ध मॅग्नेसाइटचं विशिष्ट गुरुत्व (तितक्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड) 3.0, डोलोमाइटचं 2.85, कॅल्साइटचं 2.71. 0.1 ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, मग दोऱ्याला बांधलेला तुकडा पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं पाणी तुकड्याने सारलं. त्याने तुकड्याच्या कोरड्या वजनाला भागा. 90 ग्रॅमचा तुकडा 30 दाखवेल तर मॅग्नेसाइट, 31.6 च्या आसपास डोलोमाइट, 33.2 तर कॅल्साइट. सच्छिद्र तुकडा त्याच ग्लासात कोरडाच बुडवा आणि बुडबुडे थांबल्यावरच आकडा वाचा, कारण आत अडकलेली हवा गुरुत्व कमी दाखवते. लोह मिसळलेलं असेल तर रंग पिवळट-तपकिरी होतो आणि गुरुत्व 3.0 च्या वर जातं.

मोह्स मापनावर (1 सर्वात मऊ, 10 सर्वात कठीण) कठिनता 3.5 ते 4.5. तांब्याच्या तारेने ओरखडा उठत नाही, चाकूने उठतो. चाकूही घसरला तर सिलिका मिसळलेली असण्याची शक्यता धरा. घट्ट मॅग्नेसाइटमध्ये हे नेहमीचं आहे.

दख्खनच्या बेसाल्टातल्या पोकळ्यांत झिओलाइट (तिथे सापडणारी स्फटिकी खनिजं) आणि कॅल्साइट शोधणाऱ्यांनी इथे नजर बदलायला हवी. मॅग्नेसाइट शोधायचं ते मॅग्नेशियमने समृद्ध खडकात. तमिळनाडूत सेलमजवळच्या चॉक हिल्समध्ये ड्युनाइट (मॅग्नेशियमने समृद्ध अग्निजन्य खडक) बदलून झालेल्या सर्पेंटाइनात, म्हणजे काळपट-हिरव्या खडकात, पांढऱ्या शिरांचं जाळं आहे. कार्बन डायऑक्साइडयुक्त पाण्याने खडकातलं मॅग्नेशियम कार्बोनेटात बांधलं, त्यातून हे तयार झालं. इथलं मॅग्नेसाइट अतिसूक्ष्मकणी, चिनी मातीच्या भांड्याच्या तुकड्यासारखं. भंजन शंखाभ, म्हणजे फुटलेला भाग शिंपल्यासारखा वक्र; पाटन (ठरावीक सपाट पृष्ठांवर फुटणं) डोळ्यांना दिसतच नाही. उत्तराखंडात अल्मोडा, पिथोरागड, बागेश्वर भागातलं मात्र ढोबळ स्फटिकी, तालकाच्या (टाल्क या मऊ खनिजाच्या) सोबतीचं. त्यात तिरप्या चौकोनी पाटनपृष्ठांची चमक भिंगाशिवायही दिसते. चांगले सुटे स्फटिक हवे असतील तर ब्राझीलमधल्या ब्रुमादोचे नमुने पाहा, आणि ऑस्ट्रियातल्या स्टायरियाचं पिनोलाइट. काळ्या ग्रॅफाइटयुक्त भागात पांढऱ्या मॅग्नेसाइटची लांबट नक्षी असलेलं. पिनोलाइट घासून चकचकीत केलेल्या फरशीतच शोभतं.

खाणीत लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. सर्पेंटाइनात रेशमी तंतू दिसले तर ते क्रायसोटाइल, म्हणजे ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं फोडू नका, घरी आणू नका. नमुना शिरेच्या कडेसह, काळपट-हिरवा खडक चिकटलेला घ्या. नुसता पांढरा तुकडा नंतर कुठूनही आलेला वाटतो.

विकतच्या "फिरोजा" मण्यांत रंगवलेलं मॅग्नेसाइट सर्रास असतं. भोकाच्या आत रंग साचलेला दिसतो, ॲसिटोनच्या बोळ्यावर तो कधी कधी उतरतो. खऱ्या फिरोज्याचं गुरुत्व 2.6 ते 2.8, त्यामुळे वर सांगितलेली काट्याची युक्ती इथेही चालते. मात्र रेझिन भरलेला मणी हलका भरतो.

धुताना साधं पाणी आणि मऊ ब्रश. झिओलाइटवरचं कॅल्साइट काढतात तसं आम्लात बुडवून ठेवू नका, पृष्ठभाग झिजतो. कोरडं झाल्यावर लगेच चिठ्ठी: क्रमांक, गाव, शिरेची जाडी, आजूबाजूचा खडक, तारीख. क्रमांक नमुन्याच्या मागच्या बाजूलाही रंगवा, कारण चिठ्ठ्या हरवतात.