कुत्र्याला ओबिडियन्स स्पर्धेसाठी कसं तयार करावं

ओबिडियन्स म्हणजे कुत्र्याच्या आज्ञापालनाची स्पर्धा. बहुतेक ओबिडियन्स स्पर्धांच्या रिंगमध्ये खाऊ किंवा खेळणं नेता येत नाही. आज्ञा एकदाच द्यायची, मध्ये बोलायचं नाही. अवघड वर्गांत पट्टाही काढलेला असतो. समोर अनोळखी जज, पलीकडच्या रिंगमध्ये दुसरा कुत्रा फेकलेला डंबेल तोंडात धरून पळतोय, आणि तरी तुमचा कुत्रा डाव्या पायाला लागून, मान वर करून, शेपूट हलवत तुमच्याबरोबर चालला पाहिजे. 'बस' म्हटल्यावर बसणारा कुत्रा पुष्कळांकडे असतो. त्याला इथवर आणायला वेगळी मेहनत लागते, आणि माझ्या मते कुत्र्याबरोबर करण्यासारखं याहून सुंदर काही नाही. ती मेहनत कशी करायची ते क्रमाने सांगते.

१. आधी नियमपुस्तिका वाचा

१९३३ साली हेलन व्हाइटहाउस वॉकर यांनी न्यूयॉर्कजवळ माउंट किस्को इथे या खेळाची पहिली चाचणी भरवली. त्या पूडल पाळत. लोक पूडलला शोभेचा कुत्रा समजत, आणि त्याला उत्तम डोकं असतं हे वॉकर यांना दाखवून द्यायचं होतं. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या चाचण्यांना मान्यता दिली. तिथे आज नॉव्हिस, ओपन आणि युटिलिटी असे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे मुख्य वर्ग आहेत. गुण २००, पास व्हायला किमान १७०, शिवाय प्रत्येक प्रकारात, म्हणजे नेमून दिलेल्या प्रत्येक कामात, निम्म्याहून जास्त गुण हवेतच. म्हणजे बाकी सगळं अप्रतिम झालं आणि हाक मारल्यावर कुत्रा आला नाही, तर त्या दिवशी नापास. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांत प्रत्येक प्रकाराला १० पैकी गुण देतात आणि त्या प्रकाराच्या वजनाप्रमाणे त्यांना गुणतात.

तुम्ही ज्या संस्थेच्या स्पर्धेत उतरणार, तिचीच आणि ताजी पुस्तिका घ्या. ओपन वर्गात कुत्र्याला ३ मिनिटं बसवून आणि ५ मिनिटं आडवं करून हँडलरने (कुत्र्याला घेऊन उतरणाऱ्याने) नजरेआड जायचं, ही वर्षानुवर्षं चालत आलेली परीक्षा अमेरिकेत २०१८ मध्ये बंद झाली. जुनी पुस्तिका धरून बसलेला माणूस ती उगाच शिकवत राहिला असता.

२. खुणेचा शब्द पक्का करा

क्लिकर (दाबल्यावर 'क्लिक' असा आवाज करणारी छोटी डबी) घ्या किंवा एक छोटा शब्द ठरवा. मी 'यस' म्हणते. या आवाजाचा अर्थ एकच: आत्ता, या क्षणी तू जे केलंस ते बरोबर, आणि त्याबद्दल खाऊ मिळणार. आवाज काढा, लगेच खाऊ द्या, असं दहा-पंधरा वेळा. पण सगळं अवलंबून असतं ते वेळ साधण्यावर, आणि ती कुत्र्याशिवायच शिकावी. कोणाला तरी चेंडू खाली टाकायला सांगा आणि तो जमिनीला टेकताक्षणी 'यस' म्हणा. सुरुवातीला चेंडू उसळून वर आल्यावर तोंडातून शब्द निघतो. कुत्र्याच्या बाबतीत तेवढ्या उशिरात बसलेला कुत्रा उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला जातं.

३. हील: निम्मा खेळ इथेच आहे

हील म्हणजे कुत्र्याने डाव्या पायाला लागून चालणं. त्यात कुत्र्याचं डोकं ते खांदा हा भाग हँडलरच्या डाव्या कंबरेच्या रेषेत राहायला हवा. पुढे नाही, मागे नाही, तिरका नाही. ही जागा चालता चालता शिकवू नका. आधी उभ्या उभ्या शिकवा.

त्यासाठी पाटासारखा बुटका, न हलणारा, न घसरणारा ठोकळा घ्या. कुत्र्याचे पुढचे दोन्ही पाय त्यावर, मागचे जमिनीवर. तुम्ही त्याच्या उजव्या बाजूला उभे राहा आणि हळूच त्याच्याकडे, म्हणजे डावीकडे, वळा. कुत्र्याला तुमच्या पायाशी राहायचं असेल तर मागचे पाय बाजूला टाकावे लागतील. एक पाऊल टाकलं की 'यस', खाऊ. बहुतेक कुत्र्यांना आपल्याला मागचे पायही आहेत आणि ते वेगळे हलवता येतात, याचं भानच नसतं. ते आलं की पुढे डावं वळण, जागेवरचं वळण आणि सरळ बसणं, तिन्ही सोपी होतात. आठवडाभर रोज दोन-तीन मिनिटं पुरेत.

मग ठोकळा काढा आणि एकच पाऊल चाला. कुत्रा तुमच्या डाव्या पायाशीच राहिला तर 'यस', आणि खाऊ डाव्या हाताने, पँटच्या डाव्या शिवणीला टेकवून द्या. खाऊ कुठे मिळतो याला फार महत्त्व आहे, कारण कुत्रा त्या जागेकडेच सरकत जातो. उजव्या हाताने पोटासमोरून खाऊ देणाऱ्यांचे कुत्रे पुढे येऊन अंगावर वळतात, आणि ते हँडलर महिनोन्महिने 'मागे राहा' शिकवत बसतात. दोष त्यांच्या उजव्या हाताचा असतो.

हातात खाऊ धरून कुत्र्याला ओढत नेण्याची सवय लवकर मोडा. तीनदा खाऊ हातात ठेवून करा. चौथ्यांदा तोच हात, तीच हालचाल, पण हात रिकामा. खाऊ मागाहून खिशातून काढायचा. हे पहिल्या आठवड्यात केलं नाही तर कुत्रा हीलऐवजी हाताच्या मुठीमागे चालायला शिकतो.

पावलं वाढवताना घाई नको: एक, दोन, पुन्हा एक, मग तीन. दहा पावलं सुरेख आली की त्यात थांबणं, मंद चाल, जलद चाल आणि मागे वळणं घाला. ही वळणं आधी कुत्र्याशिवाय, एकट्याने चालून घोटा. कोणत्या पायावर वळायचं आणि कोणता पाय आधी टाकायचा हे दर वेळी तेच असलं, तर कुत्रा तुमच्या पायांवरून वळण ओळखतो.

माझ्या कुत्रीची हील सहा महिने मागे पडत होती. वाटायचं, तिचा उत्साह कमी आहे. खाऊ बदलला, चेंडू आणला, शेवटी एकदा मोबाइल भिंतीला टेकवून व्हिडिओ काढला. त्यात स्वच्छ दिसलं: ती बरोबर आहे ना हे बघायला मी दर दोन पावलांनी डावा खांदा मागे टाकून खाली वाकत होते. कुत्रा खांदा वाचतो, आणि खांदा मागे गेला की तोही मागे राहतो. मी दाराच्या चौकटीवरच्या एका ठिपक्याकडे नजर लावून, खांदे सरळ ठेवून चालले, आणि तिसऱ्या फेरीत ती माझ्या कंबरेशी होती. तिला मी किती वेळा 'चल, चल' म्हणून चुचकारलं होतं, ते आठवून आजही वाईट वाटतं. तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी व्हिडिओ काढते. तुम्हीही काढा.

४. बसणं, आडवं होणं, थांबणं

यावर फार लिहीत नाही. थांबायला शिकवताना वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड या तीन गोष्टींपैकी एका वेळी एकच वाढवा. बक्षीस कुत्र्याजवळ परत जाऊन, तो बसलेल्या जागीच द्या. दर वेळी लांबून हाक मारून खाऊ दिलात, तर तो हाकेची वाट बघत उठण्याच्या तयारीत बसेल.

५. हाक आणि समोर बसणं

हाकेवर धावत यायचं आणि समोर, पायांच्या मधोमध सरळ बसायचं. हे दोन भाग वेगळे शिकवा. धावण्यासाठी: कोणीतरी कुत्र्याला छातीपाशी धरावं, तुम्ही पळत जा, हाक मारा, आणि तो पोहोचला की कधी कधी चेंडू तुमच्या पायांमधून मागे फेका. दर वेळी बसायला लावलंत तर शेवटच्या चार फुटांत वेग मरतो. सरळ बसण्यासाठी जमिनीवर दोन फळ्या समांतर ठेवा, कुत्र्याच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त अंतर सोडून. त्या गल्लीत शिरून बसलेला कुत्रा वाकडा बसूच शकत नाही.

ओपन वर्गात हाकेवर येता येता मध्येच आडवं व्हायचं असतं. सराव करताना पाच हाकांमध्ये एकदाच अडवा. सारखं अडवलं तर कुत्रा थांबायचा हुकूम येणारच म्हणून आधीच रेंगाळू लागतो.

६. डंबेल, वास आणि उडी

डंबेल आणायला शिकवताना शेवटापासून सुरुवात करा: आधी तोंडात शांत धरणं, मग धरून एक पाऊल येणं, मग जमिनीवरून उचलणं, आणि फेकणं सगळ्यात शेवटी. चावणं-चघळणं फेकाफेकीच्या घाईतूनच येतं.

युटिलिटीमधली वासाची परीक्षा मला सगळ्यांत जवळची. एकसारख्या दिसणाऱ्या चामड्याच्या आणि धातूच्या वस्तूंच्या ढिगातून, हँडलरच्या हाताचा वास असलेली वस्तू कुत्र्याने शोधून आणायची. शिकवताना बाकीच्या वस्तू जाळीला किंवा फळीला बांधून टाकतात. चुकीची वस्तू उचलली तरी निघत नाही, तुमच्या वासाची मात्र सहज हातात, म्हणजे तोंडात, येते. कुत्रा एकेक वस्तू हुंगत जातो, एका ठिकाणी त्याचा श्वास बदलतो, नाक तिथेच घुटमळतं. तो क्षण बघितला की कुत्र्याला ओरडून शिकवायची इच्छाच उरत नाही.

उड्या हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत नकोत. जातीनुसार हे वय साधारण एक ते दीड वर्ष, मोठ्या जातींत त्याहूनही पुढे. पशुवैद्यांना विचारूनच सुरू करा, आणि घसरणाऱ्या फरशीवर कधीच नको.

७. खाऊ रिंगबाहेर ठेवायला शिका

घरी उत्तम असलेले कुत्रे स्पर्धेत ढेपाळतात ते बहुधा इथे. रोज अंगावर खाऊचा बटवा असतो, आणि रिंगमध्ये तो नसला की त्यांना आज काम नाही असं वाटतं. म्हणून दोन-तीन प्रकार नीट यायला लागल्याबरोबर खाऊचा डबा लांब खुर्चीवर ठेवा, कुत्र्याला दाखवून. दहा पावलं हील, 'यस', आणि दोघांनी मिळून पळत डब्याकडे जायचं. पुढच्या आठवड्यात हील आणि एक हाक, मग डबा. नंतर डबा दाराबाहेर, मग गाडीत. कुत्र्याला खाऊ दिसत नसला तरी तो मिळणार याची खात्री असते, आणि त्या खात्रीवर तो सलग पाच-सात मिनिटं काम करतो. बहुतेक नियमांत दोन प्रकारांच्या मध्ये कुत्र्याचं कौतुक करता येतं. ते मनापासून करा, पण सरावातही तसंच करा, म्हणजे रिंगमध्ये ते परकं वाटणार नाही.

सराव तीन-चार वेगवेगळ्या जागी करा. अनोळखी माणसाला जजसारखं मागे चालायला आणि 'पुढे चला', 'थांबा' म्हणायला सांगा. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांनी आधी रॅली या सोप्या स्पर्धेचा विचार जरूर करावा. तिथे पाट्यांवर लिहिलेलं एकेक काम करत पुढे जायचं असतं आणि कुत्र्याशी बोलायला मोकळीक असते.

८. स्पर्धेच्या दिवशी

लवकर पोहोचा. कुत्र्याला फिरवा, पाणी द्या, सावलीत विसावू द्या. तुमची पाळी यायच्या आधी पाच मिनिटं दोन-तीन सोप्या गोष्टी करून घ्या. बिघडलेलं त्या दिवशी दुरुस्त होत नाही, तो प्रयत्न सोडा. रिंगमध्ये आज्ञा एकदा, स्वच्छ आवाजात. कुत्रा गोंधळला की तोंडातून दुसरी आज्ञा निसटते. तिचे गुण जातात, आणि नॉव्हिसच्या हाकेला दोनदा बोलावलं तर तो प्रकारच नापास होतो. वाकडं बसला तर अर्धा गुण जाईल. जाऊ द्या, पुढचं पाऊल टाका.

बाहेर पडण्याआधी पट्टा लावा, आणि निकाल काहीही असो, दोघांनी मिळून पळत डब्याकडे जा.