नवी मुंबईत भाड्याची सायकल आणि शांत रस्ते

भाड्याची सायकल निवडताना बहुतेक जण गिअर किती आहेत हे विचारतात. सपाट नवी मुंबईत गिअरपेक्षा सीटची उंची आणि ब्रेक महत्त्वाचे. ॲपवर मिळणाऱ्या बॅटरीच्या गाड्या स्टेशन ते घर एवढ्यासाठी ठीक, पण त्या ठरलेल्या जागीच ठेवाव्या लागतात, नाहीतर राईड बंद होत नाही आणि पैसे चालू राहतात. दोन-तीन तास फिरायचं असेल तर दुकानातून दिवसाच्या भाड्याने हायब्रिड, म्हणजे मध्यम टायरची रस्त्यावर हलकी चालणारी सायकल, घ्या. जाड टायरची एमटीबी (डोंगरवाटांची माउंटन बाईक) डांबरी रस्त्यावर उगाच दमवते.

दुकानात दहा मिनिटं काढाच. सीटवर बसून पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा: गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलत राहते. सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

मग पुढचं चाक उचलून फिरवा. चाकाची रिम ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासत असेल तर चाक आऊट, म्हणजे वाकडं आहे, दुसरी सायकल मागा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी खटखट जाणवली तर तिथली बेअरिंग सैल आहे. ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबला तरी हँडलला टेकायला नको. खाडीच्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या सायकलींची चेन लवकर गंजते, म्हणून पेडल उलटं फिरवून चेन अडकते का ते बघा.

टायरची हवा बोटाने दाबून कळत नाही. टायरच्या बाजूला किमान-कमाल पीएसआय (हवेचा दाब) छापलेला असतो. 35 मिलिमीटरच्या हायब्रिड टायरला मध्यम वजनाच्या माणसासाठी 55 ते 65 पुरतो. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड आहे की बारीक, हेही पाहून ठेवा. बारीक व्हॉल्व्हला पेट्रोलपंपावरची हवा अडॅप्टरशिवाय भरता येत नाही. जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि पंप दुकानदाराकडून मागून घ्या. निघण्याआधी ओरखड्यांचे फोटो काढा, म्हणजे डिपॉझिट परत घेताना वाद होत नाही.

आता रस्ते. नवख्या माणसाला थेट पाम बीच रोडवर नेऊ नका. रस्ता सुरेख आहे, पण मोकळा दिसतो म्हणूनच गाड्या तिथे सुसाट येतात. सीवूड्स-दारावे स्टेशनच्या पश्चिमेला पाम बीच सिग्नलवर ओलांडा आणि एनआरआय कॉम्प्लेक्स ही वसाहत आणि टी.एस. चाणक्य ही जहाजावरच्या प्रशिक्षणाची संस्था या बाजूच्या आतल्या रस्त्यांवर फिरा. गल्ल्या धरून सहज आठ-दहा किलोमीटर होतात आणि चढ जवळजवळ नाही. चाणक्यजवळची पाणथळ जागा थांबण्यासारखी. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत इथे फ्लेमिंगो येतात. खाडीला भरती आली की बाहेरचा चिखल बुडतो आणि पक्षी आत येतात, म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ बघा. ओहोटीला गेलात तर बऱ्याचदा मोकळं पाणीच दिसतं. ज्वेल ऑफ नवी मुंबई या तळ्याकाठच्या बागेच्या आतल्या वाटेवर मात्र चालणाऱ्यांची गर्दी असते, तिथे सायकल घालू नका.

पाम बीच करायचाच असेल तर रविवारी सातच्या आत, बेलापूरहून वाशीकडे. या दिशेला आपली डावी बाजू खाडीची येते, त्यामुळे डावीकडून घुसणाऱ्या गाड्या कमी. मागे लाल दिवा हवाच, पहाटेच्या धूसर उजेडातही. सिग्नलपाशी डावीकडे वळणाऱ्या गाडीच्या शेजारी थांबू नका, एक तर तिच्या पुढे दिसेल असे उभे राहा नाहीतर मागे. ठाणे-बेलापूर रस्ता, सायन-पनवेल महामार्ग आणि उलवे-उरणकडचे कंटेनरचे रस्ते सायकलसाठी सोडून द्या.

चढाची हौस असेल तर बेलापूरचा पारसिक हिल घ्या. चढ लहान पण खडा, झाडांची सावली भरपूर. चढाला लागण्याआधीच हलका गिअर टाका; जोर देत असताना बदलला तर चेन उतरते. उतरताना ब्रेक सलग धरून ठेवू नका. थोडं दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. पावसाळ्यात रिमला धरणारे ब्रेक ओले झाले की चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसतात, मगच धरतात, तेव्हा त्या दिवसांत उतारावर वेग अर्ध्यावर ठेवा.