घरातील सुरक्षा कॅमेरा मोबाइल अ‍ॅपवर वापरताना

कॅमेरा भिंतीवर बसवण्याआधी तो राउटरजवळ टेबलावर ठेवून अ‍ॅपशी जोडून घ्यावा, कारण जोडणीत काही अडचण आली तर शिडीवर उभे राहून ती सोडवणे अवघड जाते. अनेक घरगुती कॅमेरे केवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर चालतात. ही लहर ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा भिंतींतून अधिक चांगली पोहोचते. म्हणून मोबाइल ५ गिगाहर्ट्‌झवर असताना जोडणी होत नसेल, तर कॅमेरा बिघडला असे समजण्याआधी मोबाइल २.४ च्या नेटवर्कवर आणून पुन्हा प्रयत्न करावा. अ‍ॅप नेहमी मोबाइलच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे.

जोडणी झाल्यावर चित्र पाहत बसण्याचा मोह होतो, पण पहिले काम पासवर्डचे आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते प्रामुख्याने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवल्यामुळे. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड असल्यास तो बदलावा, अ‍ॅपच्या खात्याला इतर कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड द्यावा आणि दुहेरी पडताळणीची (पासवर्डसोबत मोबाइलवर येणारा कोडही मागण्याची) सोय असेल तर ती चालू करावी. घरातील इतरांना कॅमेरा पाहायचा असेल, तर त्यांना आपला पासवर्ड सांगू नये. अ‍ॅपमधील ‘शेअर’ पर्यायातून त्यांच्या स्वतंत्र खात्याला परवानगी द्यावी, म्हणजे गरज संपल्यावर तेवढीच परवानगी काढून घेता येते.

जागा निवडताना कॅमेरा खिडकीच्या काचेआड ठेवून बाहेरचे चित्रण करण्याचा विचार सोडून द्यावा. दिवसा चित्र ठीक दिसते, पण रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे काचेवरून परतून लेन्सवरच येतात आणि पडद्यावर पांढरट झाकोळाखेरीज काही उरत नाही. कॅमेऱ्याच्या कक्षेत शेजाऱ्यांचे दार वा खिडकी येऊ नये, आणि झोपण्याच्या खोलीत तर तो नसावाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी कसोटी सूचनांची असते. हलणारा पडदा, झाडाची फांदी, रस्त्यावरच्या गाडीचा प्रकाश अशा प्रत्येक हालचालीला मोबाइल वाजू लागला, की माणूस काही दिवसांतच सूचना बंद करून टाकतो, आणि मग कॅमेरा असून नसल्यासारखा होतो. त्यासाठी हालचाल टिपण्याचे क्षेत्र दारापुरते किंवा वाटेपुरते आखून घ्यावे, संवेदनशीलता टप्प्याटप्प्याने कमी करावी आणि केवळ माणूस ओळखण्याचा पर्याय असेल तर तो निवडावा. याउलट सूचना येतच नसतील, तर अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये या अ‍ॅपवर बॅटरी बचतीचे बंधन आहे का ते पाहावे. कित्येकदा दोष कॅमेऱ्याचा नसतोच. मांडणी पुरी झाल्यावर मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर थेट चित्र उघडून पाहावे, कारण बाहेर गेल्यावर तेच लागणार आहे.

चित्रण कॅमेऱ्यातील मेमरी कार्डवर ठेवता येते किंवा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर. सतत चित्रण सेकंदाला २ मेगाबिट वेगाने होत असेल, तर दिवसाला सुमारे २१ ते २२ जीबी जागा लागते, म्हणजे १२८ जीबीचे कार्ड पाच-सहा दिवसांत भरते आणि मग जुन्या चित्रणावर नवे चढू लागते. म्हणून काही घडल्याचे कळताच तो भाग लगेच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा. चोराने कॅमेराच उचलून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जाते. प्रवेशद्वाराच्या कॅमेऱ्यासाठी निदान महत्त्वाच्या घटनांचे चित्रण क्लाउडवर जाईल असे पाहावे.

वीज गेल्यावर कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी असली तरी राउटर बंद पडला की सूचना पोहोचत नाहीत, तेव्हा राउटरला यूपीएस जोडावा.

कॅमेरा विकायचा किंवा कोणाला द्यायचा झाल्यास कार्ड काढून घ्यावे, अ‍ॅपमधील आपल्या खात्यातून तो हटवावा आणि रीसेटचे बटण दाबून त्यातील वाय-फायची माहिती पुसावी.